पडणाऱ्या वस्तू, सोन्याची तार आणि गुरुत्वाकर्षणाची कसोटी

प्रश्न : दोन वस्तू सारख्याच पडतात का, हे पाहायला उपग्रह कशाला? उंच मनोरा पुरत नाही?

वेळ पुरत नाही. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात ११० मीटर पडताना ४.७ सेकंद मिळतात. फ्रान्सचा ‘मायक्रोस्कोप’ उपग्रह (२०१६–१८) ७१० किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती अखंड पडत होता. सलग १२० फेऱ्यांची, म्हणजे आठ दिवसांची नोंद एका दमात घेता येई.

प्रश्न : त्यात नेमकं मोजलं काय?

एकात एक बसवलेले दोन पोकळ दंडगोल होते. आतला प्लॅटिनम-ऱ्होडियमचा, बाहेरचा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. दोघांना विद्युतबलाने जागच्या जागी धरायचं आणि त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या त्वरणात फरक पडतो का ते पाहायचं. २०२२च्या अंतिम निकालात फरक शून्याशी जुळला, अनिश्चितता पडण्याच्या त्वरणाच्या तुलनेत सुमारे २.७×१०⁻¹⁵. शेजारी दुसरी जोडी होती, तिचे दोन्ही दंडगोल प्लॅटिनम-ऱ्होडियमचे. तिच्यात फरक दिसला, तर दोष उपकरणाचा. अशी जोडी नसती तर त्या शून्यावर आम्ही भरवसा ठेवला नसता.

प्रश्न : मग अडचण कुठे आली?

मुख्यतः एका तारेत. दंडगोलावर विद्युतप्रभार साचला की खोटं बल निर्माण होतं. म्हणून प्रत्येकाला ७ मायक्रोमीटर जाडीची सोन्याची तार जोडली होती. पण तार म्हणजे स्प्रिंगच. तिच्यातल्या अंतर्गत घर्षणामुळे गोंगाट होतो, आणि वारंवारता जितकी कमी तितका तो जास्त. उपाय असा, की उपग्रह स्वतःभोवती अधिक वेगाने फिरवायचा, म्हणजे अपेक्षित संकेत (दोन धातू वेगळे पडत असतील तर त्वरणात ठरावीक वारंवारतेने दिसेल तो फरक) वरच्या, शांत वारंवारतेला सरकतो. ‘लिसा पाथफाइंडर’ या युरोपच्या अवकाशयानात तार नव्हतीच; तिथे अतिनील प्रकाशाने प्रभार उतरवला.

प्रश्न : दोन दंडगोलांचे मध्य तंतोतंत जुळवता येतात?

नाही. सुमारे २० मायक्रोमीटरचा फरक राहिलाच होता. पृथ्वीच्या जवळच्या मध्यावर ओढ किंचित जास्त, त्यामुळे त्वरणात फरक दिसतो. मात्र त्याचा ठळक भाग अपेक्षित संकेताच्या दुप्पट वारंवारतेने येतो. तो मोजून मध्यांमधलं अंतर काढतात आणि त्याचा परिणाम वजा करतात.

प्रश्न : आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताची कसोटी घेणारा अमेरिकेचा उपग्रह ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ ठरवलेली अचूकता का गाठू शकला नाही?

त्यातले स्वतःभोवती फिरणारे ३८ मिलिमीटरचे क्वार्ट्‌झचे गोळे जवळजवळ निर्दोष होते. पण गोळ्यावर आणि भोवतालच्या कवचावर विद्युतविभव सगळीकडे सारखा नव्हता; त्या ठिगळांमुळे गोळ्याचा अक्ष वळत राहिला. पृथ्वीच्या फिरण्याने अवकाश ओढलं जाण्याचा परिणाम म्हणून हा अक्ष वर्षाला ३९ मिलिआर्कसेकंद (कोनाचं अतिसूक्ष्म एकक) वळणं अपेक्षित होतं. २०११ साली निकाल आला ३७, अधिक-उणे ७.