सर्व्हरच्या जाड पंख्यांचा आवाज कमी कसा करायचा? रेग्युलेटर लावून चालेल का?

रेग्युलेटर लावू नका. हे आधी सांगून टाकतो.

तुम्ही लिहिलंय की जुन्या सर्व्हरमधून निघालेले १२० एमएमचे, ३८ एमएम जाडीचे चार पंखे स्वस्तात मिळाले, पीसीला लावले, आता घरात कोणाला झोप नाही, आणि मित्र म्हणतो फेकून दे ते, सायलेंट पंखे घे. तुमचा मित्र आणि माझा साडू एकाच शाळेत शिकलेत की काय असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

माझा जळगावात फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नाची शूटिंग, एडिटिंग, अल्बम, सगळं. आता लग्नसराई कधी असते? एप्रिल-मे. आणि जळगावात एप्रिल-मेमध्ये काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, ४३-४४ डिग्री म्हणजे नेहमीचं, त्याच्या वर गेलं तर पेपरात येतं. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त रेंडरिंग (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल काढणं) वर्षातल्या सगळ्यात गरम दोन महिन्यांत. एडिटिंगची खोली वरच्या मजल्यावर, वर स्लॅब, दुपारी खोलीतच ४०-४१ होतं. कूलर आहे पण तो मी मशीनच्या खोलीत ठेवत नाही, ओलावा आणि बोअरच्या पाण्याचे क्षार दोन्ही नको म्हणून. मशीनमध्ये सोळा कोअरचा रायझन प्रोसेसर आणि साडेतीनशे वॉट खाणारं ग्राफिक्स कार्ड. दोघं मिळून रेंडरला पाचशे वॉटच्या वर जातात, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, दुसरीकडे कुठे जाणार.

आता हिशोब बघा. चिप ८५ डिग्रीला ठेवायची म्हटली तर पुण्यात एसीच्या २५ डिग्रीच्या खोलीत तुमच्या हातात ६० डिग्रीचा फरक असतो. माझ्याकडे, ४१ च्या खोलीत, फक्त ४४ चा. हवा जेवढी जास्त ढकलाल तेवढाच उपाय. पाचशे वॉट उष्णता हवा फक्त दहा डिग्रीने तापवून बाहेर काढायची तर मिनिटाला नव्वदेक घनफूट, म्हणजे ९० सीएफएम हवा खरोखर कॅबिनेटमधून आरपार जायला पाहिजे. खोक्यावर छापलेली सीएफएम नाही हां, ती समोर काहीच अडथळा नसताना मोजलेली असते. मध्ये फिल्टर, जाळी, रेडिएटर आला की त्यातली निम्मी तरी राहते का बघा. म्हणून दाब लागतो आणि म्हणून जाड पंखा लागतो. आमच्याकडे धूळ एवढी की फिल्टर न लावून चालत नाही.

तर मी असेच सर्व्हरमधले पंखे आणले, लेबलवर १२ व्होल्ट, २.४ अँपिअर. एकेक पंखा जवळजवळ २९ वॉट. फुल स्पीडला लावला तर खोलीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं, हे मान्य आहे, कोण नाही म्हणतंय. पण फुल स्पीडला लावायला सांगितलंय कोणी?

मे महिन्यात साडू आले. बायकोच्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, पुण्यात आयटीत आहेत, माझ्याहून मोठे म्हणून मी अहो-जाहो करतो आणि ते मला अरे-तुरे. पंखे तेव्हा नुकतेच जोडले होते, कंट्रोलचं काम बाकी होतं, सीझन डोक्यावर म्हणून तसेच चालू ठेवले होते. पहिल्याच रात्री म्हणाले, "अरे हे काय लावलंयस, माणसं राहतात ना इथे?" मी म्हटलं, साडूभाऊ, दोन दिवस द्या, वायरिंग करतो. पण त्यांना राहवतंय थोडीच. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक छोटा गोल नॉबवाला पोटेन्शिओमीटर घेऊन आले, दुकानदाराने सांगितलं म्हणे हाच चालतो. मी सांगत होतो की हा अर्ध्या वॉटचा पार्ट आहे, यातून हा पंखा चालणार नाही. ते म्हणाले, "मी इंजिनिअर आहे रे." लावला. नॉब मधोमध आणला, पंखा नुसता थरथरला, सुरूच होईना, आणि थोड्या वेळात वास. सासूबाई खालून विचारतायत काय जळतंय.

यात समजायला अवघड काही नाही. रेझिस्टन्स लावून तुम्ही व्होल्टेज पाडता, पण पाडलेलं व्होल्टेज गुणिले करंट एवढी उष्णता त्या नॉबमध्येच होते. १२ चे ७ केले आणि करंट एक अँपिअर धरला तरी पाच वॉट, अर्ध्या वॉटच्या पार्टमध्ये. वर पंखा सुरू होताना नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, तोच त्याला मिळत नाही. आणि सर्व्हरच्या बऱ्याच पंख्यांच्या आत स्वतःचं सर्किट असतं, त्याला १०.८ ते १३.२ च्या बाहेरचं व्होल्टेज दिलं की ते काहीही वागतं. घरातल्या सीलिंग फॅनच्या रेग्युलेटरबद्दल तर बोलायलाच नको, तो २३० व्होल्ट एसीचा.

यावर साडूंचं म्हणणं काय? "बघ, म्हणूनच सांगतो, भंगार फेक आणि सायलेंट पंखे घे." नॉब त्यांनी आणला, जाळला त्यांनी, आणि भंगार माझे पंखे. पुढे त्यांनी ऑनलाइन ऑर्डर करून १२०० आरपीएमचे तीन सायलेंट पंखे मागवून दिले, भेट म्हणून. भेट नाकारता येत नाही, लावले. आवाज खरंच नाही, रात्री बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोसेसर ९५ ला टेकला, तिथे तो स्वतःच स्पीड कमी करतो, कार्डचंही तेच, आणि जी फाइल जेवणाआधी निघायची ती चहाच्या वेळेला निघाली. पार्टी खाली पेनड्राइव्ह घेऊन बसलेली. साडू म्हणाले, "मग एसी लाव." म्हणजे पंख्याचा आवाज नको म्हणून दीड टनाचा एसी. बिल कोण भरणार?

त्यांनी फुल स्पीडला चालणारा मोठा पंखा पाहिला आणि मोठा पंखा म्हणजेच आवाज असं ठरवून टाकलं. स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब पाव होतो, वीज आठवा हिस्सा होते, आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरला तरी कानाला निम्मा वाटतो, त्यामुळे १५ म्हणजे बराच फरक. माझा २९ वॉटचा पंखा निम्म्या स्पीडला चारेक वॉटवर येतो. शिवाय दुपारी ४१ डिग्रीत गरज पडली तर वर जायला जागा असते. १२०० वाल्याला वर जायला जागाच नाही, तो आधीच जीव खाऊन पळतोय.

आता कंट्रोल. तुमच्या पंख्याला चार वायरी आहेत का बघा. असतील तर सगळं सोपं आहे. चौथी वायर पीडब्ल्यूएमची, म्हणजे झपाझप चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने स्पीड ठरवायची, तिच्यावर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल द्यायचा, २१ ते २८ चालतो. पॉवर वायरला कायम पूर्ण १२ व्होल्टच द्यायचे, स्पीड फक्त सिग्नल ठरवतो. नुसत्या सिग्नलला करंट नगण्य लागतो. पण मदरबोर्डच्या फॅन हेडरवरून (पंखा जोडायच्या पिनांवरून) हे पंखे चालवायचे नाहीत, तो हेडर साधारण एक अँपिअरचा असतो, जळाला तर बोर्ड जातो. पॉवर मोलेक्समधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधून घ्या, बोर्डला फक्त पीडब्ल्यूएमची आणि टॅकोची (स्पीड कळवणारी) वायर जोडा, तशी तयार केबल मिळते. साटावरून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या कनेक्टरवरून, चार पंखे ओढू नका, त्या कनेक्टरची १२ व्होल्टची मर्यादा ४.५ अँपिअरची आहे आणि तुमचे चार पंखे एकदम सुरू झाले की ती सहज ओलांडतील. आणि वायरीच्या रंगावर जाऊ नका. पीसीच्या पंख्यात पिवळी वायर १२ व्होल्टची असते, सर्व्हरच्या पंख्यात बऱ्याचदा लाल असते आणि पिवळी दुसऱ्याच कामाची. मॉडेल नंबर टाकून डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) काढा, डेल्टा, निडेक, सान्यो डेन्की, सगळ्या कंपन्यांच्या मिळतात.

मी बोर्डला जोडले नाहीत. कारण बायोस, म्हणजे बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, तो प्रोसेसरचं तापमान बघून पंखे पळवतो, आणि माझ्याकडे आग कार्डमध्ये असते. विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर कार्डचं तापमान बघून चालवतं, चांगलं आहे, पण रेंडर चालू असताना विंडोजच अडकली तर पंखे आहेत त्या स्पीडवर अडकणार, हे मला नको होतं. म्हणून एक अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड घेतला, तापमान मोजणारा थर्मिस्टर कार्डच्या मागे, जिथून गरम हवा निघते तिथे. नॅनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, तो देऊ नका, काही पंखे त्यावर कुरकुरतात. नॅनोच्या आतला टायमर नंबर एक वापरा, १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४० म्हणजे बरोब्बर २५ किलोहर्ट्झ, पिन नऊ आणि दहा. नॅनो आणि पंख्यांचं ग्राउंड कॉमन ठेवा. नॅनोची वायर तुटली किंवा निघाली तर सिग्नल जातो आणि पंखा आपोआप फुल स्पीडला जातो, तो बनवलाच तसा आहे. आवाज झाला म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढं घरातल्या कोणालाही कळतं.

पण खरी झोप मोडते ती आवाजाने नाही, आवाज बदलण्याने. हे साडूंना शेवटपर्यंत पटलं नाही. एकसारखी घरघर असेल तर माणूस झोपतो, सगळं गाव कूलरच्या आवाजात झोपतं ना उन्हाळ्यात. पण ब्राउझर उघडला की प्रोसेसर सेकंदात वीस डिग्री उडी मारतो, पंखा ओरडतो, परत खाली, परत वर, ते डोक्यात जातं. बायोसमध्ये स्टेप अप, स्टेप डाऊन टाइम (स्पीड बदलायला लागणारा वेळ) असतो तो वाढवा, आणि वर जायचं तापमान आणि खाली यायचं तापमान यात पाच-सात डिग्रीचं अंतर ठेवा. मी तर रेंडर सुरू असताना ४० टक्क्यांवर बांधूनच टाकलाय, थर्मिस्टरवर फारच चढलं तरच पुढे.

दुसरं, दोन पंखे जवळजवळ सारख्या स्पीडला चालले की घूंऊं-घूंऊं असा झोका येतो. सात पात्यांचे दोन पंखे, एक २००० ला, दुसरा २०३० ला, तर सेकंदाला साडेतीन झोके. सारखे करायच्या नादी लागू नका, ते कधीच होत नाहीत. एक मुद्दाम दोन-तीनशेने खाली ठेवा, झोका गेला. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला छिद्रं पाडून केलेली जी जाळी असते ना, ती पात्यांच्या अगदी तोंडाशी आली की शिट्टी वाजते. मी ग्राइंडरने गोल कापून काढली आणि गोल तारेची जाळी लावली, निम्मी कटकट तिथेच संपली. खाली रबर पण लावा.

तीन वायरीचे असतील तर पीडब्ल्यूएम नाही, मग बक कन्व्हर्टर नावाच्या छोट्या सर्किटने व्होल्टेज कमी करायचं. एलएम२५९६ या चिपचं स्वस्त मॉड्यूल तीन अँपिअरचं म्हणून विकतात, दोनच्या वर तापतं, एका मॉड्यूलवर एकच पंखा टाका. आणि आधी डेटाशीटमध्ये कमीत कमी व्होल्टेज बघा, वर सांगितलं तेच.

अजून दोन-तीन गोष्टी राहिल्या. तुमचे पंखे १२० चे आहेत म्हणून एवढं बोललो. ४० एमएमचे, वन-यू, म्हणजे अगदी चपट्या सर्व्हरमधले, पंधरा हजार आरपीएमचे असते तर मीही म्हटलं असतं फेका, तो आवाज कानाला सगळ्यात जास्त टोचणाऱ्या पट्टीत येतो आणि कमी केले तर हवाच देत नाहीत. आणि हे पंखे आख्ख्या सर्व्हरमध्येच असतील आणि तिथेच हळू चालवायचे असतील तर वेगळी भानगड आहे. पंखा ठरलेल्या आरपीएमच्या खाली गेला की सर्व्हरचा कंट्रोलर समजतो पंखा मेला, आणि सगळे फुलवर टाकतो, मग आरपीएम दिसला की खाली आणतो, मग परत तेच. आयपीएमआयटूल नावाच्या सॉफ्टवेअरने ती खालची मर्यादा कमी करावी लागते. काही पंखे २०-३० टक्क्यांच्या खाली जातच नाहीत, ते पण तपासा. घरात लहान मुलं असतील तर तारेची जाळी दोन्ही बाजूंनी, ही पाती बोट फोडतात.

आणि हो, खोलीत एसी असेल, मशीन दोन-अडीचशे वॉटचं असेल, तर चांगले २५ एमएमचे सायलेंट पंखेच घ्या. अगदी कमी स्पीडला त्यांची मोटर खरंच शांत असते, सर्व्हरच्या पंख्याच्या बॉल बेअरिंगची बारीक खरखर शांत खोलीत ऐकू येते. साडूंच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये त्यांचंच बरोबर आहे. पण त्यांनी ते जळगावात, मे महिन्यात, रेंडर चालू असताना सांगितलं. आता दिवाळीला येतायत, तेव्हा गारवा असेल, म्हणतील बघ किती शांत आहे, मी सांगितलेलं केलंस वाटतं. ते सायलेंट पंखे मी खाली काउंटरच्या बिलिंगच्या पीसीला लावलेत, तिथे मस्त चालतात.

तुम्ही शहर लिहिलं नाहीत, एसी आहे का तेही नाही. पंख्याच्या लेबलचा स्पष्ट फोटो टाका, अँपिअर दिसले पाहिजेत, मग केबल कुठली घ्यायची ते सांगतो.