पंक रॉक ऐकायला सुरुवात करताना

पंक रॉक, म्हणजे 1970 च्या दशकातले साधे, वेगवान आणि बंडखोर रॉक संगीत. त्याचा इतिहास जाणून घ्यायची तुमची इच्छा असेल, तर आनंदच आहे. मात्र उपप्रकारांच्या याद्या पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. आधी रमोन्स या बँडचा 1976 सालचा पहिला अल्बम सलग ऐका. त्यातील 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि न्यूयॉर्कच्या या चौघांनी रॉक संगीत पुन्हा किती साधे व वेगवान केले, ते कानांनाच कळते.

नवख्यांच्या दोन चुका नेहमी दिसतात:

- पंकचा जन्म लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडपासून झाला असे मानणे. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये हे संगीत 1974 पासूनच घडत होते.
- केशरचना आणि सेफ्टी पिनांनाच पंक समजणे. ही चूक अधिक नुकसान करते, कारण माझ्या मते खरी क्रांती स्वावलंबनाची होती: जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसन्या पैशांतून चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि मोठ्या कंपनीविना संगीत प्रसिद्ध करता येते हे इतरांना दाखवून दिले.

रमोन्सनंतर द क्लॅश या लंडनच्या बँडचा ‘लंडन कॉलिंग’ हा अल्बम ऐका. त्यात पंकने रेगे आणि स्का हे जमैकन संगीतप्रकार कसे सामावून घेतले ते दिसेल. हार्डकोअर आणि पोस्ट-पंक हे पंकमधून पुढे निघालेले प्रकार तूर्त बाजूला ठेवा.