सेवाभावी क्लबचं सभासद व्हावं का? खरंच काम होतं की नुसते फोटो?

होय, फोटो काढतात. भरपूर काढतात. दीपप्रज्वलनाला स्टेजवर जेवढी माणसं असतात, तेवढी दुपारी तीननंतर अख्ख्या मैदानात दिसत नाहीत. तरीही जा, असंच मी सांगेन. तुमचे भावोजी सभासद व्हा म्हणून मागे लागलेत आणि तुम्ही फी किती, वेळ किती जातो, असं विचारलंय. फीकडे येते. पण 'खरंच काम होतं का' हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच प्रश्नावरून आमच्या क्लबच्या एका माजी खजिनदारांशी माझं आजही धड बोलणं होत नाही.

रोटरी की लायन्स ते सांगत नाही. माणदेशात तालुक्याचं गाव ते केवढं, लगेच ओळखतील. बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं, आता मीच बघते. त्यामुळे नेत्र शिबिर म्हटलं की क्लबला माझी आठवण येते. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये बायकांना रीतसर आत घेतलं, तरी आमच्याकडे उद्घाटनाला 'ताई, तुम्ही ओवाळणीच्या तबकाचं बघा' हे चालूच होतं. असो.

क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे बदलतात. त्यामुळे जून आला की वर्षभर राहिलेली कामं एकदम आठवतात, कारण डिस्ट्रिक्टला, म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांच्या वरच्या संघटनेला, रिपोर्ट जायचा असतो आणि बक्षिसं त्या रिपोर्टवर ठरतात. आमचं शिबिर असंच जूनच्या मध्यावर घेतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणी, दीडशेच्या आसपास माणसं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी 'ई'चा तक्ता भिंतीला लावलेला, ईची तोंडं कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. बीपी, साखर. साखर वाढलेल्यांना आधी औषध चालू करा म्हणून परत पाठवलं, त्यावरून दोन भांडणं झाली. मोतीबिंदूची जी निघाली त्यांना दुसऱ्या दिवशी बसने शहरातल्या बेस हॉस्पिटलला नेलं. पूर्वी शाळेतच टेबल मांडून ऑपरेशनं व्हायची. जंतुसंसर्गाच्या भीतीने ते बंद झालं आणि फार बरं झालं. लेन्सचा नंबर मोजला, ऑपरेशनं झाली, सकाळी पट्ट्या निघाल्या, काळे चष्मे लावून माणसं परत आली. बसच्या दारात फोटो. पेपरात बातमी. इथपर्यंत सगळं उत्तम, यात मी एक शब्द वाईट बोलणार नाही.

मोतीबिंदूचं खरं काम मात्र घरी आल्यावर सुरू होतं. थेंब पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच-सहा वेळा, मग हळूहळू कमी करत महिना-दीड महिना. डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीपुढे बसायचं नाही. आठवड्याने तपासणी, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा, आणि तेव्हा चष्म्याचा नंबर निघतो. आता वस्तीवरच्या सत्तरीच्या माणसाला इंग्रजीत छापलेलं कार्ड देऊन काय उपयोग? मी कार्डांवर रेघा मारून दिल्या, एक थेंब एक रेघ. पण आठवड्याने ही माणसं तपासणीला आणायची कोणी?

मी खजिनदारांना फोन केला. दोन गाड्यांचं डिझेल मागितलं, बाकी काही नाही. ते म्हणाले, "ताई, प्रोजेक्ट झाला. रिपोर्ट गेला पण. आता पुढची टीम बघेल." पुढच्या टीमचं पदग्रहण व्हायचं होतं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, मागच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, आमच्या बजेटमध्ये कसा धरणार? शिबिराच्या मांडवाला आणि बॅनरला जेवढे गेले होते त्याच्या निम्म्यात दोन गाड्या आरामात झाल्या असत्या. हे मी मीटिंगमध्ये बोलले. त्यावर खजिनदार सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "आपण क्लब चालवतोय ताई, ट्रॅव्हल्स नाही."

मग मी आणि एक निवृत्त पोस्टमन, तेही सभासद, आमच्या ओम्नीतून निघालो. वस्त्या त्यांना पाठ. पाऊस लागलेला, मेंढरं नुकतीच परतलेली. एका वाड्यावर एक मेंढपाळ आजोबा डोळा धरून बसले होते. लाल भडक, दुखतोय म्हणाले, आदल्या दिवसापासून अंधुक दिसतंय. थेंबाची बाटली संपली होती आणि नवी कुठून आणायची ते कोणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर डोळा लाल, ठणका आणि नजर कमी हे तीन एकत्र आले तर उद्या बघू म्हणायचं नसतं, तासांचा हिशेब असतो. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी नेऊ म्हणून तशीच गाडी वळवली आणि रात्री बेस हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीच इंजेक्शनं दिली. डोळा वाचला. नजर इतरांइतकी साफ आली नाही, पण मेंढरं मोजता येतात असं ते स्वतः सांगतात.

आणि आमच्या रिपोर्टात काय गेलं होतं? 'सर्व शस्त्रक्रिया यशस्वी.' पहिली तपासणी व्हायच्या आधीच! त्या रिपोर्टला बक्षीसही मिळालं. ट्रॉफी क्लबच्या कपाटात आहे.

हेच खजिनदार प्रत्येक भाषणात सांगतात की पोलिओ आपल्यासारख्या क्लबांनी घालवला. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम जगभर हाती घेतलं, कोट्यवधी डॉलर उभे केले, हे खरंच मोठं आहे. पण २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. हे बूथवर टोप्या घालून फोटो काढल्याने झालं असं वाटतं का कोणाला? रविवारी बूथ झाला की पुढचे दिवस घरोघर जायचं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने 'पी', एखादं मूल राहिलं असेल तर 'एक्स'. आणि एक्सच्या घरी परत जायचं. परत गेल्या अंगणवाडीच्या ताई, आशा, नर्सबाई, आणि त्यांच्याबरोबर क्लबमधले थोडे लोक. आमच्या क्लबमधून पोस्टमनकाका जायचे. खजिनदार एकदाही गेले नाहीत, पण भाषण त्यांचं.

म्हणून तुम्हाला सांगते, क्लब पारखायचा तर शिबिर बघू नका. शिबिरानंतर महिन्याने विचारा: त्या माणसांना चष्मे मिळाले का? तपासणीत काचबिंदू निघाला त्यांचं पुढे काय झालं? त्यात गेलेली नजर परत येत नाही, थेंब जन्मभर टाकावे लागतात, आणि बसमध्ये बसवायला ते रुग्ण उपयोगाचे नसल्याने त्यांची यादी बहुतेक कोणी ठेवत नाही. शाळेला दिलेलं पाणी शुद्धीकरणाचं यंत्र चालू आहे का? फिल्टर बदलायचे पैसे कोण देतंय? नावं आणि फोन नंबर घेऊन उत्तर देणारा एक जरी माणूस भेटला, तरी क्लब चांगला.

आता हेही सांगायला हवं की सगळीकडे असं नाही. काही क्लबांनी स्वतःची डोळ्यांची हॉस्पिटलं, रक्तपेढ्या वर्षानुवर्षं चालवल्यात, तिथे अध्यक्ष बदलला म्हणून कुलूप लागत नाही. खजिनदारांनी हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे केला नाही, हे मी कोणापुढेही सांगेन. आणि मी अजूनही त्याच क्लबात आहे. एवढी माणसं, डॉक्टर, बस एका फोनवर जमवायची तर आमच्यासारख्या गावात दुसरी सोय नाही. एकटीच्या ओम्नीने शिबिर होत नसतं.

फी: दर क्लबची वेगळी. त्यातला एक वाटा आंतरराष्ट्रीय कार्यालयाला जातो, तो डॉलरमध्ये ठरतो, म्हणून रुपया घसरला की आपली फी चढते. वर डिस्ट्रिक्टची वर्गणी, आणि मीटिंगनंतरच्या जेवणाचे वेगळे. भावोजींना शेवटचा आकडा विचारा, पहिला नको. वेळ तुम्ही द्याल तेवढा. मीटिंगा चुकवल्या तरी चालतात, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

आणि सभासद झालात तर पहिल्याच मीटिंगला ठराव मांडा की प्रत्येक शिबिराच्या खर्चात परत तपासणीचं डिझेल आधी बाजूला काढायचं, मांडव नंतर. आमच्याकडे हा ठराव तिसऱ्या वेळी पास झाला. विरोधात एकच हात होता. कोणाचा ते तुम्ही ओळखलं असेलच.