रामायण-महाभारतातल्या दुर्लक्षित बायकांवर लेखिका लिहितात ते हल्लीचं फॅड आहे का? आणि वाचायचं तर काय वाचावं?

तुम्ही विचारलंय की दुकानात उर्मिला, शूर्पणखा, मंदोदरी यांच्यावरच्या कादंबऱ्यांचे ढीग दिसतात, तर लेखिका आजचे विचार जुन्या बायकांच्या तोंडी घालून मूळ कथेची मोडतोड करतायत का, आणि यातलं खरंच वाचण्यासारखं काय. मी पुण्यात राहते, हा विषय बरीच वर्षं जिव्हाळ्याने वाचतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मूळ ग्रंथातच काय आहे ते बघा ना. महाभारताच्या आदिपर्वात राजा विचित्रवीर्य मूल न होता गेल्यावर त्याची आई सत्यवती वंशासाठी व्यासांना बोलावते, त्यांना बघून विचित्रवीर्याच्या दोन राण्यांपैकी अंबिका डोळे मिटून घेते, अंबालिका पांढरी पडते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण त्यानंतर अंबिकेकडे पुन्हा व्यास यायचे असतात तेव्हा ती स्वतः जातच नाही, आपले दागिने एका दासीच्या अंगावर चढवते आणि तिला पुढे करते. ती दासी उठून व्यासांना नमस्कार करते, त्यांची नीट सेवा करते, आणि ते प्रसन्न होऊन म्हणतात की तू आता दासी राहणार नाहीस. तिचा मुलगा म्हणजे विदुर. विदुराचं शहाणपण, विदुरनीती सगळं आपण डोक्यावर घेतो आणि त्याच्या आईचं नाव महाभारतात नाही! तिला कोणी विचारलं होतं का, ते दागिने सकाळी परत काढून द्यावे लागले का, नंतर हस्तिनापुरात तिला कोणी राणीच्या शेजारी बसू दिलं का, यातलं काहीच नाही. ही जागा व्यासांनीच मोकळी सोडलीय. तिथे जाऊन बसणाऱ्या लेखिकेला मोडतोड करणारी कसं म्हणायचं?

तसंच लाक्षागृहाचं. कुंतीने जेवण घातलं, एक निषादी, म्हणजे वनात राहणाऱ्या निषाद जमातीतली बाई, आपल्या पाच मुलांना घेऊन आली, दारू पिऊन ती सगळी तिथेच झोपली आणि जळून मेली. त्या सहा देहांमुळेच तर पांडव मेले असं सगळ्यांना वाटलं आणि पांडव सुटले. महाश्वेता देवींची 'कुंती ओ निषादी' ही बंगाली कथा नेमकी हिच्यावर आहे. म्हातारी कुंती वनात एकटीच मोठमोठ्याने कर्णाबद्दल बोलत असते, मनावरचं ओझं उतरवत असते, आजूबाजूला लाकडं गोळा करणाऱ्या निषाद बायकांना आपली भाषा कळत नाही असं धरून चाललेली असते. आणि एक दिवस त्यातलीच एक तिच्याशी बोलते, की तुला कर्ण आठवतो पण तुझं दुसरं पाप आठवतच नाही का, मी त्या जळालेल्या बाईची सून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून द्यावं लागलं होतं, इतकं ते आत गेलं. यात आजचा विचार बाहेरून आणून चिकटवलेला कुठेच नाही, आदिपर्वात जे लिहिलंय त्याचाच हिशोब मागितलाय.

आणि आपल्या मराठीत तर हे काम केव्हाच सुरू झालंय. इरावती कर्वे इथेच डेक्कन कॉलेजमध्ये शिकवायच्या, महाभारतातल्या व्यक्तींवरचं त्यांचं 'युगान्त' १९६७ चं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी आधार घेतला तो भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या महाभारताच्या पाठाचा, जिचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं होतं. यातली मेख बघा, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असं द्रौपदी दुर्योधनाला म्हणाली आणि म्हणून युद्ध पेटलं, हे आपण सगळ्यांनी सीरियलमध्ये बघितलंय, घरोघरी बोललं जातं, पण त्या आवृत्तीत ते वाक्य नाहीच. मग मोडतोड कोणी केली सांगा, लेखिकांनी की बाईवर खापर फोडणाऱ्यांनी? इरावतीबाईंनी द्रौपदीचा शेवट स्वतः कल्पनेने लिहिलाय, हिमालयात ती कोसळलीय आणि भीम मागे फिरून तिच्याजवळ येतो, ते मात्र चुकवू नका.

दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' आहे, अरुणा ढेरेंचं 'कृष्णकिनारा' आहे, राधा, कुंती आणि द्रौपदी, भाषा फार सुंदर.

पण मला विचाराल तर सगळ्यात आधी हे काम केलं ते जात्यावर बसणाऱ्या बायकांनी, ज्यांचं नाव कुठल्याच कव्हरवर नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळपासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर. त्यात सीतेचा वनवास किती वेळा येतो! पहाटे दळता दळता त्या बायका सरळ म्हणतात की राम सीतेच्या तोडीचा नव्हता, आणि दिवसभर तोंडी त्याच रामाचं नाव असतं, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. तारा भवाळकरांचं 'सीतायन' याच लोकपरंपरेतल्या सीतेवर आहे, जरूर वाचा. उर्मिला चौदा वर्षं झोपली हेसुद्धा वाल्मीकींचं नाही बरं का, ते तेलुगू बायकांच्या गाण्यांत येतं. अहल्येची शिळासुद्धा नंतरची, वाल्मीकींच्या बालकांडात ती राखेत पडून, फक्त वाऱ्यावर जगत, कोणाला न दिसता तप करत असते. म्हणजे कथा बदलत आलीच आहे.

आता तुमच्या शंकेत तथ्य आहे ते पण सांगते. काही नव्या कादंबऱ्यांमध्ये नायिका पानोपानी भाषण ठोकते, पुरुष सगळे दुष्ट, आणि मूळ ग्रंथ कोणी उघडून बघितलाय असं वाटतच नाही. त्या मला आवडत नाहीत, कारण त्यात ती बाई पुन्हा हरवतेच. उलट तेलुगूतल्या व्होल्गांचं 'विमुक्त' बघा, २०१५ चं साहित्य अकादमी. सीता एकेका बाईला भेटत जाते, अहल्या, रेणुका, उर्मिला, आणि शूर्पणखा, जिला आपण कापलेल्या नाकापुरतंच ओळखतो, ती तिथे स्वतःची बाग फुलवून राहतेय. कोणी ओरडत नाही, दोघी नुसत्या बोलतात. कविता काणे आपल्या पुण्याच्याच, इंग्रजीत लिहितात, सोपं असतं, कॉलेजच्या मुलींना सुरुवातीला बरं पडतं. फक्त त्यांच्या पहिल्या कादंबरीतली कर्णाची बायको उरुवी हे पात्र कल्पित आहे एवढं लक्षात ठेवा, ती महाभारतात शोधत बसू नका.

माझा क्रम विचाराल तर आधी 'युगान्त', मग 'सीतायन', मग महाश्वेता देवी आणि व्होल्गा इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरात. आणि आदिपर्व शेजारी ठेवा, चिपळूणकर मंडळींच्या जुन्या मराठी भाषांतराचे खंड मोठ्या लायब्ररीत मिळतील, नाहीतर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा. सत्यवती आणि व्यासांचा भाग आधी काढा, दासीचा प्रसंग तिथेच आहे, अगदी थोडक्यात उरकलेला.