आधी चोर कोण ते बघा

पाऊस लागला की बागेच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पत्रांची पहिली ओळ ठरलेली असते: 'ताई, कोणतं औषध मारू?' कशावर मारायचं, त्याचा पत्ता पत्रभर नसतो. या खेपेला मात्र चारपाच जणांनी नीट बघून लिहिलंय, म्हणून त्यांचीच पत्रं घेते.

सोसायटीच्या कुंपणाशी स्पायडर लिलीची रांग आहे. आठ दिवसांत पानांचा फडशा पडला. अळ्या काळ्या आहेत, अंगावर पांढरे आणि मधूनमधून लाल ठिपके. माळीबुवांनी दोनदा फवारलं. आता काही कंदही मऊ पडलेत. सगळे उपटून टाकू का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

सगळे नको. तुम्ही रंग लिहिलात म्हणून माझं काम निम्मं झालं. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके म्हणजे पॉलिटेला नावाच्या पतंगाची अळी. ती उघड्यावर बसून खाते, म्हणून दिसते. पण लिलीवर दुसरीही एक येते, ब्रिथिस, काळ्या-पिवळट पट्ट्यांची, आणि ती जास्त वाईट. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते आणि आतल्या आत खाली सरकत कंदापर्यंत जाते. तुमचे कंद मऊ पडलेत म्हणून मला हिचा संशय येतो. एखादं पान तोडून उजेडासमोर धरा. आत पोकळ, फिकट पट्टा आणि त्यात काळे ओलसर दाणे दिसले, तर ते दाणे म्हणजे तिची विष्ठा. पानाच्या पोटात बसलेल्या अळीपर्यंत वरचा फवारा पोचत नाही, माळीबुवांचा त्यात दोष नाही.

पोखरलेली पानं सरळ जमिनीलगत कापा. जीव कासावीस होतो, पण लिली चिवट असते, पुन्हा फुटते. मग प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघा. टणक असेल तो राहू दे. दबणारा, घाण वासाचा असेल तो उपटून ओल्या कचऱ्यात न टाकता बाहेर काढा, आपल्या खताच्या खड्ड्यात तर मुळीच नको. हातमोजे घाला, लिलीचा कंद विषारी असतो आणि दिसायला कांद्यासारखा, तेव्हा पोरांच्या हाताशी ठेवू नका. वरची दोनतीन इंच माती खुरप्याने हलवली की तपकिरी कोष सापडतील, तेही वेचा.

नवी पानं आल्यावर रोज सकाळी ती उलटून बघायची. मी चहाचा कप घेऊन पहिली फेरी लिलीपाशीच मारते. अंड्यांचा पुंजका किंवा घोळक्याने बसलेल्या बारक्या अळ्या दिसल्या, की तेवढं पान साबणाच्या पाण्यात बुडवायचं. रांग मोठी असेल तर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) फवारा, पण अळ्या लहान असताना, संध्याकाळी, आणि पावसाची उघडीप बघून. बोटभर लांब झालेल्या अळीवर तिचा फारसा उपयोग नाही.

ग्लॅडिओलस आणि डेलियाचे कंद रात्री कोणीतरी उकरून खातं. गावातले म्हणतात साळिंदर. मिरचीपूड टाकून बघितली, फरक नाही. – एक वाचक, भोर

पावसात मिरचीपूड म्हणजे मातीला फोडणी. साळिंदर असू शकेल, तुमच्याकडे डोंगर जवळ आहे. पण गाव म्हणतं म्हणून मानू नका. साळिंदर वरून उकरतं, अर्धवट खाल्लेले कंद तिथेच टाकतं, आणि शोधलंत तर एखादा काळा-पांढरा काटा मिळतो. रानडुक्कर आलं असेल तर वाफा नांगरल्यासारखा उलथलेला असतो. घुशीचं काम मात्र खालून चालतं. रोप वरून ठाक उभं दिसतं, धरून ओढलं की अलगद हातात येतं, खाली कंदच नसतो. उरलेल्या तुकड्यावर पटाशीने तासल्यासारख्या रेघा असतात, आणि जवळपास बीळ, त्याच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग. अशी बिळं संध्याकाळी मातीने बुजवा. सकाळी जे उघडलेलं दिसेल, त्यात बिऱ्हाड आहे.

आता माझीच फजिती सांगते. माझ्या डेलियाच्या वाफ्यात लागोपाठ तीन रात्री खड्डे पडले. कंद विस्कटलेले, पण खाल्लेले नाहीत. मी साळिंदराच्या नावाने बोटं मोडली, वाफ्याभोवती बोराटीचे काटे लावले. चौथ्या रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन पायरीवर बसले, तर आमचा मोत्या काट्यांवरून उडी मारून थेट वाफ्यात! लावणीच्या वेळी मी हाडांचा चुरा घातला होता. त्याला फुलांशी देणंघेणं नव्हतं, तो हाडं शोधत होता. त्या वासाने घुशीही येतात. तेव्हापासून कंदांच्या वाफ्यात मी नुसतं मुरलेलं शेणखत घालते.

घूस निघाली तर अर्ध्या इंची गॅल्व्हनाइज्ड जाळीच्या टोपल्या वळा, काठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा आणि कंद त्यात लावा. खर्च एकदाच होतो. साळिंदर निघालं तर वरूनही इंचभर भोकांची जाळी अंथरून कडा दगडांनी दाबा, कोंब त्यातून वर येतात. फास लावू नका, साळिंदराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. विषाच्या गोळ्याही मी सुचवणार नाही. विष खाल्लेली घूस पुढे मांजर नाहीतर गव्हाणी घुबड उचलतं, आणि रात्रभर फुकट उंदीर मारणारा तो गडी आपण आपल्या हाताने घालवतो.

गोगलगायींनी झेंडूची रोपं एका रात्रीत संपवली. मीठ टाकलं तर उरलेलीही वाळली. – एक वाचक, चिपळूण

वाळणारच, मीठ गोगलगाय आणि झेंडू असा भेद करत नाही. त्या वाफ्यावरून भरपूर पाणी जाऊ द्या. तुमची गोगलगाय मुठीएवढी, टोकदार, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची असेल तर ती आपली नव्हे, आफ्रिकेची. 1847 साली ती कोलकात्यात आणून सोडली गेली आणि तिथून पसरली. 2022 मध्ये मराठवाड्यात सोयाबीनचे कोंब खाऊन तिने शेतकऱ्यांना दुबार पेरणी करायला लावली.

संध्याकाळी ओली गोणपाटं आणि पपईची पानं वाफ्याकडेला टाका. सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचा (तिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात) आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीत, वाफ्यात नाही! दिवसा त्या गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली बसतात. तिथे मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी ढिगाने मिळतील, तीच खरी वेचायची. ही गोगलगाय एकाच अंगात नर आणि मादी असते, आणि एकदा मीलन झालं की एकटीही पुढे अंडी घालत राहते, म्हणून एक राहिली तरी धोका राहतो. बाजारातल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यांच्या जिवावर बेततात. घरी कुत्रं असेल तर नकोच.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काहीतरी, आणि मुंग्यांची रांग. – एक वाचक, नाशिक

पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. शेंडे कापा, पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवा. मग रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवलेल्या 50 ग्रॅम निंबोळी पावडरीचा अर्क गाळून, त्यात थोडा साबण घालून आठवड्याने फवारा. मुंग्यांची वाट आधी तोडा, नाहीतर पुढच्या महिन्यात हेच पत्र पुन्हा येईल.

लिंबाच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसतं, पण ते हलतं! काय मारू? – एक वाचक, डोंबिवली

काही नाही. ती फुलपाखराची अळी. थोड्या दिवसांत हिरवी होईल, आणि डिवचलीत तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडेल. झाड मोठं असेल तर खाऊ दे चार पानं. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर अळ्या उचलून कढीपत्त्यावर सोडा, त्यावरही त्यांचं भागतं. शेजाऱ्यांचा कढीपत्ता असेल तर विचारून.