८५ अंशांच्या गरम पाण्याच्या पंपाचं मेकॅनिकल सील दोन महिन्यांत गळतं, आणि गळतीआधी सीलजवळ वाफेचे फटकारे येतात. सीलची कंपनी बदलावी का?

इतक्यात बदलू नका. शेवटचं काढलेलं सील भंगारात गेलं नसेल तर ते आधी शोधा, आणि पुसू नका. खराबीचं कारण बहुतेक वेळा त्याच्या फेसवरच, म्हणजे शाफ्टजवळून पाणी अडवायला एकमेकांवर घासणाऱ्या दोन सपाट कड्यांवरच, दिसतं, पण फिटर लोक ते चकाचक धुऊन आणून देतात.

आधी कडक फेस, म्हणजे तुमच्याकडे सिलिकॉन कार्बाइड असेल तो, उजेडात तिरका धरा. समोरच्या मऊ कार्बन फेसच्या नाकाची (घासणाऱ्या उंचवट्याची) जेवढी रुंदी, तेवढाच घासल्याचा पट्टा त्यावर हवा. पट्टा त्याहून रुंद असेल तर शाफ्ट झोके घेतोय: बेअरिंग, अलाइनमेंट, वाकलेला शाफ्ट, कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं), किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह फार दाबून पंप चालवणं. पट्टा समोरासमोर दोनच ठिकाणी गडद असेल तर बहुधा ग्लँडचे, म्हणजे सील दाबून धरणाऱ्या प्लेटचे, नट असमान आवळलेत. पट्टाच नसेल तर फेस फिरतच नव्हता, सील शाफ्टला जखडणारे ड्राइव्हचे ग्रब स्क्रू बघा.

तुम्ही पाणी ८५ अंशांचं आहे आणि गळतीआधी सीलजवळ वाफेचे फटकारे येतात असं लिहिलंय, म्हणून माझा संशय फेसमधलं पाणी उकळण्यावरच जास्त. दोन फेसमध्ये साधारण मायक्रॉनभर जाडीचा पाण्याचा थर असतो, आणि घर्षणामुळे तिथलं तापमान पंपातल्या पाण्यापेक्षा चढतं. सील चेंबरमध्ये, म्हणजे सील बसतं त्या पोकळीत, दाब कमी पडला की तो थर उकळतो. फेस क्षणभर उघडतात, पुन्हा आपटतात, आणि कार्बनच्या कडांचे बारीक टवके उडतात. कार्बनची कड अशी कुरतडल्यासारखी दिसली तर सील नाही, फ्लश लाईन, म्हणजे सीलला पाणी पुरवणारी बारीक नळी, तपासा. डिलिव्हरीकडून येणाऱ्या त्या लाईनचा ऑरिफिस (बारीक छिद्र) बऱ्याचदा गाळाने बंद झालेला असतो, आणि बाहेरून लाईन ठीकठाकच दिसते. ऑरिफिस साफ असूनही कड तुटत असेल तर फ्लश लाईनवर कूलर लावायचा विचार करा.

ओ-रिंगही बघाच. गरम पाण्यासाठी बऱ्याचदा ईपीडीएम रबराची रिंग असते, आणि तिला साधं ग्रीस किंवा तेल चालत नाही. शाफ्टवर सहज सरकावी म्हणून फिटर ग्रीस लावतो, रिंग फुगते, सील शाफ्टवर अडकून बसतं आणि कार्बन झिजला तरी स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही. बसवताना साबणाचं पाणी वापरा.

नवीन सील बसवण्याआधी एक चाचणी करा. पंप थंड, दाबमुक्त आणि मोटर लॉक असताना कपलिंगवर डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं मापक) लावा आणि सक्शन-डिलिव्हरीच्या फ्लँजचे बोल्ट एकेक करून सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइपिंगचा ताण पंपावर येतोय, आणि तो ताण जाईपर्यंत कितीही भारी सील लावा, तीच रड राहील. यात पाइपांचे सपोर्ट दुरुस्त करावे लागतात, म्हणून कुणी हात घालत नाही.

नवीन सील पहिल्याच दिवशी टिपकलं तर मात्र गोष्ट वेगळी: कापलेली ओ-रिंग किंवा फेसवर राहिलेली बोटांची घाण. आणि सुरू करताना सील चेंबरमधली हवा काढायला विसरू नका, कोरडे फेस काही सेकंदांतच तडकू शकतात.