लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, निघालेल्या धाकट्या भावाला

साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे मालवायचे, हे लवकरच अंगवळणी पडेल. खरी कसोटी जोडीदाराची, म्हणजे सोबत नेमून दिलेल्या दुसऱ्या मिशनरीची. सदैव सोबत असणारा हा माणूस तू निवडलेला नसतोस, आणि जमतंय म्हणेपर्यंत बदली होते. रुसवा उद्यावर ढकलू नकोस. झोपण्याआधी बोला आणि दोघं गुडघे टेकून प्रार्थना करा. माझ्या मते सकाळच्या धर्मग्रंथांच्या अभ्यासाहूनही हे मोलाचं.

दारोदार प्रचार करताना तोंडावर दारं बंद होतील, होऊ देत. एखाद्या आजींचं सामान जिन्यावर चढवून देणं हीसुद्धा प्रभूचीच सेवा.

तयारीच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातल्या स्वतःच्या कामांच्या दिवशी, धुणं, बाजार उरकून घरी व्हिडिओ कॉल कर. २०१९पासून दर आठवड्याला तशी मुभा आहे. आईला रडू आलं तर घाईने फोन ठेवू नकोस. श्रद्धा डळमळली तर एकट्याने कुढू नकोस, मिशन अध्यक्षांशी मोकळेपणाने बोल.